बाबूजींचं कपाळ

गोंदिया हे गावाचं नाव नसून गाडीचं आडनाव आहे, अशी लहानपणी माझी समजूत होती. आमच्या साताऱ्याकडच्या स्टेशनात कोल्हापूरहून येणारी गाडी थांबायची आणि तिच्या डब्यांवर 'गोंदिया' लिहिलेलं असायचं. आमच्या ओळखीचा जो कुणी त्या गाडीत चढे तो पुण्याला उतरे. शेवटपर्यंत कोण जातं आणि तिथे जाऊन काय करतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा दिवाळी झाल्यावर मी शेवटपर्यंत गेले. तेही एक कपाळ बघायला.

हे ऐकून माझ्या बहिणीने स्वतःच्या कपाळाला हात लावला होता, म्हणून आधी सगळं नीट सांगते.

मी चित्रकलेची शिक्षिका. नोकरी संपली तरी डोळ्यांची खोड गेली नाही. समोरचा माणूस काय बोलतो हे ऐकायच्या आधी मी त्याची हनुवटी बघते. सरिता पुण्यात माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या. दोघींचा धंदा तोंडं बघण्याचा, त्यामुळे आमचं जमलं. राहायला आली त्याच दिवशी तिने सांगितलं होतं, की घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं, पण ती मुलगी आहे, आणि हे चालणार नसेल तर आत्ताच सांगा. मी म्हटलं, "चालेल. पाणी फक्त सकाळी येतं, भरून ठेवत जा."

गेल्या हिवाळ्यात तिने चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. मला वाटलं होतं, नाक नीट करतात तसलं काहीतरी असेल. कसलं काय! केसांच्या रेषेवर कापून कपाळाची कातडी खाली सोडवतात, भुवयांवरचं हाड घासून सपाट करतात, जबड्याचे कोपरे गोल करतात, गळ्याची घाटी तासतात. पुरुषाच्या कवटीला भुवयांवर जो कंगोरा असतो, तो मी जन्मभर पोरांना रेखाटायला शिकवला. तो घासून नाहीसा करता येतो हे मला माहीतच नव्हतं. घरी आली तेव्हा तिच्या तोंडाचा भोपळा झाला होता. पेज, सूप, पातळ खिचडी, पुन्हा पेज. डोक्याचा वरचा भाग बधिर. केस विंचरताना दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावरून फणी फिरवतेय असं वाटतं, म्हणायची. सूज उतरायला महिने लागले आणि तेवढे दिवस रोज सकाळी जिन्यावरून जरा निराळीच बाई खाली यायची. मला त्याची मोठी गंमत वाटायची. तिला मात्र आरसा बघितल्यावर आनंदही व्हायचा आणि धास्तीही वाटायची, दोन्ही एकदम.

कारण जे कपाळ तिने घासून काढलं ते तिच्या वडिलांचं होतं. "गावात मला बघून लोक न विचारता बापाचं नाव सांगायचे," ती म्हणायची. आई लहानपणीच गेलेली. घरी बाबूजी, धाकटा भाऊ आणि भावजय. बाबूजींना तिने काही वर्षांपूर्वी फोनवर सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं." आणि मग धानाची गोष्ट काढली. त्यानंतरही ती वर्षातून एकदा गावी जायची, पण पँट-शर्ट घालून, केस टोपीत कोंबून. तेही काही विचारत नसत, ही काही सांगत नसे. शस्त्रक्रियेचंही फोनवर सांगितलं. पुन्हा "बरं."

आता हा चेहरा पँट-शर्टात मावणारा नव्हता. दिवाळीच्या सुमारास तिच्या आत्याचा गोंदियाहून फोन आला, मंडईला ये. मंडई म्हणजे तिकडची दिवाळीनंतरची जत्रा. प्रत्येक गावाचा तिचा ठरलेला दिवस असतो आणि त्या दिवशी लेकीबाळी, सोयरेधायरे सगळे गावी येतात. बाबूजींनी स्वतः काही कळवलं नव्हतं.

"त्यांनी दिलेला चेहरा मी टाकून दिला, ताई," सरिता म्हणाली. "त्यांना मी घरात नको असेन, तर पुन्हा नाही जाणार. पण एकदा समोर उभं राहून बघायचंय." एकटीने जायची छाती होत नव्हती. मी म्हटलं, मी येते. तिला सोबत करायची होती हे खरं. पण ते मूळ कपाळ मला बघायचं होतं, हेही तितकंच खरं.

आत्याकडे

गोंदिया शहरात मराठीत भाव विचारला की हिंदीत उत्तर मिळतं, आणि मी त्या हिशेबाने हिंदी सुरू केली की समोरचा मराठीत बोलतो. भाजीवाली, रिक्षावाला, पानवाला, सगळ्यांनी माझी अशी फजिती केली. शेवटी मी बोटाने दाखवायला लागले.

पहिली खरी फजिती मात्र आत्याच्या दारात झाली. आत्या म्हणजे बाबूजींची थोरली बहीण, ठेंगणीठुसकी, बोलायला फटकळ. दार उघडलं आणि तिने सरिताला अशी मिठी मारली, की दोघींपैकी कुणालाच नमस्काराला वाकायला जागा उरली नाही. त्या सुटल्यावर मी आमच्याकडच्या रीतीने आत्याच्या पाया पडायला वाकले, तर ती विंचू दिसल्यासारखी मागे उडाली.

"अरे, अरे, ये क्या कर रहे जी! पाप लागंल ना मले!"

आणि हातातली पिशवी खाली टाकून तीच माझ्या पाया पडली. मी गोंधळून भिंतीला टेकले. आपलं काही चुकलं का, सोवळं-ओवळं आहे का, काही कळेना.

"सरिताची मोठी बहीण म्हणून आल्या ना तुम्ही? मग लेकच झाल्या आमच्या," आत्या धापा टाकत म्हणाली. "आमच्या घरी लेक कोनाच्या पाया नाही पडत. आपणच तिच्या पाया पडतो. पोरगं असलं त पडते, त्याले पडू देतो."

मला हसू यायला लागलं. आमच्याकडे लग्नात पोरीची कंबर मोडते पाया पडून पडून. मांडवातल्या कुठल्याही म्हाताऱ्याकडे बोट करून "पड पाया" म्हणायचं आणि तिने पडायचं, तो कोण आहे हे नंतर कळतं. त्याच महाराष्ट्राच्या या टोकाला बाप लेकीपुढे वाकतो, हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. मी आत्याला म्हटलं, "मग मी इकडेच जन्मायला हवं होतं." ती म्हणाली, "तवा नाही आल्या, आता आल्या. बसा, जेवा."

जेवायला लाखोळीच्या डाळीचं वरण, कोचईच्या पानांच्या वड्या आणि भाताचा डोंगर. कोचई म्हणजे आपला अळू. पण वड्या कोरड्या नाहीत, आंबट कढीत सोडलेल्या. भात संपला की पुन्हा भात. दुसऱ्या वाढणीनंतर मी हळूच विचारलं, पोळी आहे का? आत्याचा डाव हवेतच थांबला.

"काऊन? शुगर आहे काय तुम्हाले?"

नाही म्हटल्यावर तिने निश्चिंत होऊन आणखी भात वाढला. पोळी ही तिथे औषधासारखी खायची गोष्ट आहे, हे मी त्या दिवशी शिकले.

जेवणानंतर आत्याने सरिताला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि खरेदीला आलेल्या बाईने साडीचा पोत बघावा तसा तिचा चेहरा बघितला. मला वाटलं होतं, हा प्रसंग अवघड जाईल. तो मुळीच अवघड गेला नाही. आत्याला फक्त सगळं समजून घ्यायचं होतं.

"हाड घासलं म्हणजे? सुतार घासते तसं?"

"तसंच, पण मशिननं."

"बाप्पा! अन् तू झोपली होती?"

"बेहोश होती, आत्या."

"अन् हे?" आत्याने तिचे केस मागे सारले. केसांच्या कडेने एक बारीक गुलाबी रेघ गेली होती. "हे दिसून राहिलं ना."

"फिकी होईल. ऊन नाही लागू द्यायचं."

गावाच्या जवळ येताना सरिताची भाषा बदलत चालली होती. पुण्यात 'होईल, जाईल' करणारी बाई इथे 'करून राहिली, येऊन राहिली' म्हणायला लागली होती, आणि ते तिच्या तोंडी छान वाटत होतं. आत्याने तिची हनुवटी धरून चेहरा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला. मग हात काढून घेतला.

"चांगली दिसतेस," ती म्हणाली. "पन माहा भाऊ नाही दिसत आता तुह्या तोंडात." आणि उठून भांडी घासायला गेली. ते तिने दुखवायला म्हटलेलं नव्हतं, पण सरिता बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसली.

तलावाच्या काठाने

मंडईच्या दिवशी आम्ही गोंदियाहून गाडीने येऊन तिरोड्याला उतरलो आणि रिक्षा केली. सरिताने डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ असा गुंडाळला, की फक्त डोळे दिसावेत. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं होतं हे कारण होतंच, दुसरं कारण मी विचारलं नाही. तिकडे उन्हामुळे सगळ्याच पोरी असा स्कार्फ बांधून फिरतात, त्यामुळे कुणी वळूनही बघत नव्हतं. मीच तेवढी उघड्या तोंडाची होते आणि लोक माझ्याकडेच बघत होते.

चोरखमाऱ्याचा तलाव डाव्या हाताला आला आणि मी रिक्षा थांबवायला लावली. आमच्याकडे धरण म्हणजे डोंगरांमध्ये कोंडलेलं पाणी. हे पाणी सपाट पसरलेलं, काठाला गवत, पलीकडे जंगलाची काळसर रेघ. अलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घालून केलेले लहान लहान चौकोन. निम्म्या कापून झाल्या होत्या, निम्म्या पिवळ्या उभ्या होत्या. वाटेवर एक म्हातारी उकडलेले शिंगाडे विकत होती. मी ते दाताने सोलायला गेले आणि काटा ओठात घुसला. सरिताने स्कार्फच्या आतून हसून घेतलं.

कापलेल्या बांधीत सारसांची एक जोडी चरत होती. माणसाएवढी उंच, राखाडी, डोकी लाल. मी वही काढली. चित्र काढताना प्रश्न पडला म्हणून विचारलं, "यातला नर कुठला आणि मादी कुठली?"

"मला नाही कळत."

"तू इथली ना?"

"त्यायले माहीत आहे, ताई. तुम्हाले कायले पाहिजे?"

मी वही मिटली. मग दोघी इतक्या हसलो, की रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि पाखरं उडाली.

मंडई

तिच्या गावाचं नाव तिने लिहू नको म्हटलंय, म्हणून लिहीत नाही. तलावाच्या पलीकडचं गाव, एवढं पुरे.

शाळेपुढच्या मैदानात मंडई भरली होती. मुरमुरे, शेव, गरम जिलेबी, बांगड्या, प्लास्टिकच्या बाहुल्या, आणि मधल्या मोकळ्या जागेत दंडार. ढोलकीवर नाचत, गात, गोष्ट सांगत चालणारा हा खेळ दिवसाउजेडी होतो आणि त्यातल्या बाया म्हणजे साडी नेसलेले पुरुष. सरिताही एकेकाळी त्यात नाचायची, हे मला माहीत होतं. "गावात साडी नेसायला मिळायची ती याच दिवशी," ती म्हणाली होती. पण नाचणाऱ्यांना रंगवायचं काम बाबूजी करतात, हे तिने मला तिथे पोचल्यावर सांगितलं. एरवी शेतकरी, मंडईच्या दिवशी रंगारी.

शाळेच्या भिंतीच्या आडोशाला ते बसले होते. उंच, हाडापेराचे, डोक्याला जांभळा दुपट्टा पार भुवयांपर्यंत गुंडाळलेला. म्हणजे जे बघायला आले तेच झाकलेलं! त्यांच्यापुढे खोक्यावर साडी नेसलेला एक गडी बसला होता. बाबूजी तेलात कालवलेला पिवळट रंग त्याच्या तोंडाला लावत होते. मग काजळ, लाली, टोप. शेवटी त्यांनी टोपातल्या केसांची एक बट ओढून त्याच्या एका भुवईवर आणली, मान मागे घेऊन बघितलं, आणि ती जराशी खाली सरकवली.

"ती बट बघितली?" सरिता माझ्या कानाशी म्हणाली. "ती त्यांनी माझ्यासाठी काढलेली युक्ती. माझं कपाळ रंगानं झाकलं जायचं नाही. मग बट ओढायचे. आता सगळ्यांनाच तशी काढतात."

गडी उठला. पुढचा अजून साडीच नेसत होता. मला वाटलं, ही घरी जाऊन थांबेल. ती सरळ गेली आणि त्या रिकाम्या खोक्यावर बसली. स्कार्फची गाठ लवकर सुटेना.

बाबूजी बोटं पुसत होते. स्कार्फ सुटला तसं त्यांनी वर बघितलं, आणि सवयीनेच तिच्या हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे केला. त्यांचा अंगठा तिच्या भुवईवरून गेला. एकदा गेला, परत आला, आणि जिथे कंगोरा असायचा तिथे थांबला. भुवईवर पिवळा डाग उमटला.

"हे घासलं?"

"हो, बाबूजी."

"दुखलं?"

"तवा दुखलं. आता नाही."

त्यांनी हात काढला. आसपास चार-सहा माणसं उभी होती. बाबूजींनी रंगाची वाटी हलवली.

"ऊठ. त्याले बसू दे. घरी जाऊन जेवा."

एवढंच! मला इतका राग आला, की मी काहीतरी बोलणारच होते; सरिताने माझा हात धरून मला ओढत नेलं. "मला पण नाही समजलं, ताई," ती म्हणाली. "घरी जा म्हणाले. पण पाहुण्यालाही तसंच म्हणतात."

जिलेबीच्या दुकानापाशी दुसऱ्या गावची एक आजी मला आडवी आली. मंडईत स्थळंही बघतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सरिताकडे बोट करून ती म्हणाली, "पोरगी कोनाची जी? लग्नाची आहे काय?" मी म्हटलं, "आहे, पण चिकित्सक आहे." आजी म्हणाली, "असू द्या, नाकडोळे चांगले आहेत." एरवी सरिताने ही गोष्ट महिनाभर मिरवली असती. त्या वेळी ती हसली खरी, पण नजर शाळेच्या भिंतीकडेच होती.

अंगणात

घरी भावजयीने पाणी दिलं, वाढलं, मायेने केलं. भाऊ मित्रांबरोबर मंडईतच होता. ती बिचारी सरिताशी काय बोलावं ते न सुचून पुनःपुन्हा वडेच वाढत होती. सरिताने पिशवी खोलीत नेली नाही, ओसरीच्या खांबालाच टेकवून ठेवली. तिरोड्याहून परतीची गाडी कधी आहे, ते तिने फोनवर दोनदा बघितलेलं मी पाहिलं. मीही वडा खाल्ला.

उन्हं उतरताना बाबूजी आले. बादलीपाशी बसून त्यांनी हातांचा रंग घासून काढला, येऊन अंगणातल्या खाटेवर बसले. दुपट्टा डोक्याला तसाच होता. मंडईतली ढोलकी ऐकू येत होती.

"इतक्या मंडया तुह्या कपाळावर बट ओढत राहिलो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "झाकेच ना."

"तुमचंच होतं ना, बाबूजी."

"माहंच होतं. मले शोभते." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुले नव्हतं शोभत. मले काय दिसत नव्हतं?"

सरिता उठली. डोळे भरले होते, पुढचं दिसत नसावं. जन्मभर मुलगा म्हणून जे करत आली तेच तिने केलं. वाकली आणि त्यांच्या पायांकडे हात नेला.

बाबूजींनी झटक्यात दोन्ही पाय खाटेवर ओढून घेतले. "नाही," ते म्हणाले.

तिचा हात तसाच राहिला. मग ती सरळ उभी राहिली, स्कार्फने तोंड पुसलं, आणि "बरं" म्हणाली. अगदी त्यांच्यासारखंच, कोरडं. ती खांबाजवळच्या पिशवीकडे वळली.

"कुठं चालली वं?" बाबूजी खाटेवरून उतरले. "आपल्या घरी लेक पाया पडते काय?"

त्यांनी डोक्याचा जांभळा दुपट्टा सोडून खांद्यावर टाकला, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, आणि वाकले. गोंदियाची गाडी शेवटपर्यंत धरून मी जे कपाळ बघायला आले होते, ते मला पहिल्यांदा दिसलं ते सरिताच्या पावलांवर टेकलेलं.